रिपोर्ट नॉर्मल, कळ मात्र खरी: आयबीएस आणि आतड्यांची वाढलेली संवेदना

केतकीबन (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. विषय आयबीएसचा (इरिटेबल बाऊल सिंड्रोम, पोटदुखी आणि बिघडलेल्या शौचाचा चिवट विकार), म्हणजे पोटाचा आणि संडासाचा आहे, त्यामुळे आधी संकोच वाटला. पण इथे वाचणाऱ्यांपैकी काहीजण तरी याच दुखण्यातून जात असतील म्हणून लिहितेच.

वय ४१. साडेतीन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतल्यावर जुलाब, उलट्या, ताप असं सगळं झालं. आमच्या घरातल्या चौघांना झालं. तीन दिवस सलाइन लागलं. बाकीचे तिघे आठवड्यात उठून कामाला लागले. माझे जुलाब थांबले, पण दुखणं मुक्कामालाच आलं. बेंबीच्या खाली डावीकडे कळ येते, संडासला जाऊन आल्यावर थोडी सुटते, जेवल्यावर वीस मिनिटांत परत धरते. पोटात वायू सरकतो तो कुठून कुठे चाललाय हे मला आतून कळतं. सलवारीची नाडी नेहमीसारखी बांधली तरी तासाभरात सैल करावी लागते. रिक्षा खड्ड्यातून गेली की पोट हाताने धरते.

रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळं तपासून झालं. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली. भूल हलकी होती. आत हवा भरायला लागले तशी मी ओरडले, तेव्हा तिथल्या माणसाने म्हटलेलं वाक्य अजून डोक्यातून जात नाही: "अहो, एवढ्याशा हवेला कुणी ओरडतं का?" रिपोर्ट आला नॉर्मल. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. मला रडू आलं. काही निघावं असं वाटत नव्हतं, पण काहीच निघालं नाही म्हणजे आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, एवढंच तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती हवेची गोष्ट दोनदा विचारून घेतली आणि म्हणाले, "तुमच्या आतड्याची रचना चांगली आहे. त्यातल्या संवेदना वाहणाऱ्या नसा जास्त जाग्या झाल्या आहेत. याला व्हिसेरल हायपरसेन्सिटिव्हिटी म्हणतात." मग मी वाचायला बसले. १९७३ साली रिची नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो फुगवून पाहिला होता. ६० मिलीलिटरला, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढ्या फुग्याला, आयबीएस नसलेल्यांपैकी ६ टक्के लोकांना दुखलं आणि आयबीएस असलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना.

म्हणजे 'एवढ्याशा हवेला' ओरडणारी मी एकटी नाही, आणि हे माझ्या जन्माच्याही आधीपासून ठाऊक आहे.

तुमच्यापैकी कुणाला असं आहे का? कशाने उतार पडला? आणि घरच्यांना कसं समजावलंत?

मोगरा_६१

केतकी, वाचून पोटात तुटलं गं. माझ्या आईला असंच होतं. तेव्हा 'संग्रहणी' म्हणायचे आणि वर्षानुवर्षं ताकभातावर ठेवायचे. ती पोटाशी उशी धरून बसायची, आणि आम्ही मुलं तिला चिडकी समजायचो. गरम पाण्याची पिशवी आणि ओव्याचं पाणी याने मला स्वतःला बरं वाटतं, पण तुझं दुखणं त्यापलीकडचं दिसतंय. रात्री झोपेतून उठवतं का दुखणं? वजन उतरलंय का?

केतकीबन

काकू, झोप लागली की दुखत नाही. वजन तेवढंच आहे.

शतपावली

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. मोगराकाकूंनी विचारलेले दोन प्रश्न आम्हीही पहिल्यांदा तेच विचारतो. झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, उतरणारं वजन, शौचात रक्त, ताप, हिमोग्लोबिन कमी असणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर हा धागा बाजूला ठेवून आधी तपासणी करा. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) हेही डोक्यात ठेवावे लागतात, आणि गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी उगाच टाळू नये. ते नसेल आणि गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, दुखणं शौचाशी जोडलेलं असेल, शौचाच्या वेळा किंवा घट्टपणा बदललेला असेल आणि हे सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर २०१६ च्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निकषांप्रमाणे ते आयबीएस. 'काहीच सापडलं नाही म्हणून आयबीएस' असं सांगणं मला चुकीचं वाटतं. त्याचं स्वतःचं चित्र आहे आणि ते ओळखता येतं.

आता केतकीबन यांच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, लग्नातलं जेवण. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जिवाणू शिरले. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. नंतर तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांना ती साथ लागली नव्हती त्यांच्यापैकी साधारण १० टक्क्यांना आयबीएसची लक्षणं होती, आणि ज्यांना वैद्यकीय नोंदीनुसार लागण झाली होती त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांना. जंतू केव्हाच गेले होते. पोटं दुखत राहिली होती.

का, याचं उत्तर आतड्याच्या भिंतीत आहे. त्या भिंतीत चेतापेशींचं (नसांच्या पेशींचं) स्वतःचं जाळं आहे, दहा कोटींच्या वर पेशींचं. त्यांच्या शेजारी मास्ट पेशी असतात. त्यांचं काम पहाऱ्याचं. संसर्ग आला की त्या हिस्टामीन आणि इतर द्रव्यं सोडतात, आणि ती द्रव्यं नसांच्या टोकांना चेतवतात. काहींच्या बाबतीत संसर्ग संपल्यावरही पहारा उठत नाही. २००४ साली इटलीतल्या बोलोन्याच्या गटाने आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले. नसांना खेटून असलेल्या मास्ट पेशी जितक्या जास्त, तितकं पोटाचं दुखणं जास्त आणि वारंवार, असं त्यांना दिसलं. साध्या तपासणीत अस्तर गुलाबी, गुळगुळीत आणि निरोगीच दिसतं, कारण दुर्बिणीतून नस दिसत नाही.

हेही सांगतो की आयबीएसच्या प्रत्येक रुग्णात ही वाढीव संवेदना सापडत नाही. ज्यांचं मुख्य दुखणं 'दुखणं' हेच आहे, त्यांच्यात ती शोधावी.

सरळरेघ

सर्वांचा आदर ठेवून सांगतो, हे फार गुंतागुंतीचं करताय. मला सात वर्षं हाच त्रास होता. पोट फुगायचं, कळा यायच्या. गहू, राजमा आणि हरभऱ्याची डाळ बंद केली आणि ८० टक्के बरा झालो. गॅस होतो म्हणून दुखतं. गॅस कमी करा. नसांचं मध्ये कशाला आणायचं? आणि जे नसांमधून, मेंदूतून येतं ते शेवटी मनाचंच झालं ना?

यारातीर

नमस्कार, मी मेलबर्नला आहारतज्ज्ञ आहे, मूळची साताऱ्याची. सरळरेघ, तुम्हाला आलेला अनुभव खरा आहे. तुम्ही बंद केलेल्या तिन्ही पदार्थांत फ्रुक्टान किंवा गॅलेक्टन जातीची साखर असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. इथल्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी २००५ पासून यावरच आहार बसवला, लो-फॉडमॅप नावाचा.

पण गॅस जास्त होतो म्हणून दुखतं, हे तपासलं गेलं आहे. २०१७ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना आणि आयबीएसच्या रुग्णांना सारखंच इन्युलिन प्यायला दिलं आणि एमआरआयने मोठ्या आतड्यातला वायू मोजला. इन्युलिन म्हणजे कांद्या-लसणात असते तसलीच साखर. वायू दोन्ही गटांत सारखाच वाढला. निरोगी माणसांना फारसं काही जाणवलं नाही, रुग्ण मात्र कळवळले. वायू तोच, पण ज्या भिंतीला तो ताणतो ती भिंत वेगळी.

म्हणून आहाराचा उपयोग होतो, पण तो फुगा लहान करण्यापुरता. भिंत तशीच राहते. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

सरळरेघ

हा एमआरआयचा प्रयोग मला माहीत नव्हता. वायू सारखाच असेल तर माझं म्हणणं अपुरं होतं, मान्य. 'मनाचं' या शब्दाबद्दल मात्र अजून विचारतो: बेताचा फुगा एकाला दुखतो, दुसऱ्याला नाही, तर पहिला माणूस एकूणच हळवा नसेल कशावरून?

शतपावली

रास्त प्रश्न, आणि तोही विचारला गेला आहे. १९९० साली अमेरिकेत व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी फुग्याने तपासलेल्या आयबीएसच्या रुग्णांनाच हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावला. हात किती वेळ सोसला यात ते इतरांपेक्षा कमी पडले नाहीत. फुग्याला मात्र ते लवकर हरले. त्यांची सहनशक्ती शाबूत होती.

मेंदूचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. आतड्याकडून येणारा संदेश मज्जारज्जूत वाढवला किंवा दाबला जातो, आणि दाबण्याची आज्ञा मेंदूतून खाली येते. झोप मोडली, भीती बसली, सतत काळजी असली की ती आज्ञा दुबळी पडते. पण ठेच लागल्यावर होणारं दुखणंही मेंदूतच जाणवतं. त्याला कुणी मनाचं म्हणत नाही.

घाटवाट

माझा टेम्पो आहे, कोल्हापूर–रत्नागिरी, आंबा घाटातनं. नऊ वर्षं झाली पोटाला. घाटात कळ आली तर गाडी कुठं लावणार? त्यामुळं पहाटे निघताना काही खात नाही, रत्नागिरीत माल उतरला की मगच जेवतो. तरीबी साखरपा जवळ आलं की पोट पिळायला लागतं, आत काही नसताना. ताई, तुम्ही नाडीचं लिहिलंय ते वाचून मी बायकोला दाखवलं. मी सीटबेल्ट पोटावरनं खाली सरकवतो तो ह्याच्यासाठी, हे तिला आज कळलं.

मला विचारायचंय ते तिखटाचं. आमच्याकडं ठेचा आणि तांबडा रस्सा सोडला तर जेवण कसलं? पण खाल्लं की दुसऱ्या दिवशी आग होती.

शतपावली

घाटवाट, मिरचीतल्या कॅप्सेसिनने ज्या कुलपाला किल्ली लागते ते कुलूप नसांच्या टोकावर असतं, नाव टीआरपीव्ही-१. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. हेच कुलूप चटका बसल्यावरही उघडतं, म्हणून मिरची 'भाजते'. २००८ साली लंडनच्या एका गटाने आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे पाहिले, तर हे कुलूप असलेले नसांचे तंतू इतरांच्या साडेतीनपट निघाले. हिस्टामीनने ते आणखी हुळहुळं होतं. तेव्हा तुम्हाला होणारी आग कल्पनेतली नाही. रोजचा ठेचा सहा आठवडे थांबवून पाहा, आणि मग थोडा थोडा परत आणा. कायमचं सोडायला सांगत नाही.

घाटातल्या कळेबद्दल: पोट रिकामं ठेवल्याने भीती रिकामी होत नाही. शरीराने ते वळण शिकून घेतलं आहे. निघण्याच्या तासभर आधी थोडा मऊ भात किंवा नाचणीची आंबील घ्या. उपाशी पोटी दिवस काढून मग एकदम भरपेट जेवलात की आतड्यावर एकाच वेळी मोठा ताण येतो, तो टळेल.

यारातीर

स्वयंपाकाचं मी सांगते, कारण इथली यादी आपल्या ओट्यावर जशीच्या तशी चालत नाही. आपल्या जेवणात पहिला अडसर कांदा-लसणाचा. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण ठेचून परतायचा, वास उतरला की झाऱ्याने सगळा काढून टाकायचा आणि त्या तेलात फोडणी करायची. रस्स्यात मात्र कांदा शिजवून नंतर काढला तर उपयोग नाही, त्याचं सगळं पाण्यात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. हिंग चालतो, पण बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा कणीक असते, सीलिअ‍ॅक असणाऱ्यांनी डबीवर वाचावं. भात, ज्वारी, नाचणी ही मोठी सोय आपल्याकडे आधीच आहे, पोळीऐवजी भाकरी एवढा बदल पुष्कळांना पुरतो. उसळीत मटकी, चवळी, राजमा, छोले जरा दूर ठेवा. डाळ पातळ आणि थोडी. सीताफळ, सफरचंद, कलिंगड, पेलाभर दूध यांचा पहिल्या टप्प्यात विराम.

कळकळीने सांगते, हा टप्पा चार ते सहा आठवड्यांचाच आहे. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. माझ्याकडे येणाऱ्या काही मराठी बायका दोन-दोन वर्षं फक्त दहीभात आणि काकडी खात असतात, कारण परत सुरू करायचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात माणूस खंगतो. एकट्याने यादी छापून घेऊन हे करू नका.

आणि कोंडा खाऊन पोट साफ होईल म्हणून कोंड्याच्या पोळ्या खाऊ नका, त्याने फुगारा वाढतो. इसबगोल वेगळा, तो सोसतो. चमचाभराने सुरुवात करा आणि भरपूर पाणी प्या.

कातळशिल्प

मी औषधाबद्दल लिहितो. मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री लिहून दिलं. दुकानदार म्हणाला, डिप्रेशनची गोळी आहे. मी पाकीट न फोडता दोन महिने कपाटात ठेवलं, कारण मला वाटलं डॉक्टरांनीही शेवटी मला वेडंच ठरवलं. ते दोन महिने मी विनाकारण सोसलं, याचं आजही वाईट वाटतं. पुढच्या भेटीत त्यांनी समजावलं की नैराश्यासाठी हे याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. एवढ्याशा मात्रेत ते नसांचा दुखण्याचा संदेश मंदावतं. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड. तीन आठवड्यांनी कळेची धार गेली. कळ येते, पण आता मी तिच्यासकट मीटिंगमध्ये बसू शकतो.

शतपावली

यावर इंग्लंडमध्ये चांगली चाचणी झाली आहे, अ‍ॅटलांटिस नावाची, २०२३ ची. साध्या फॅमिली डॉक्टरांकडचे ४६३ रुग्ण, मात्रा १० ते ३० मिलिग्रॅम. सहा महिन्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना आराम होता, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना. चमत्कार नाही, पण फरक खरा आहे. बद्धकोष्ठ असणाऱ्यांना ती जपून देतात. आणि घाटवाट, हे तुमच्यासाठी: या गोळीने सकाळी सुस्ती येऊ शकते. तुमचं काम स्टीअरिंगवरचं आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. कुणाच्या सांगण्यावरून आणून घेऊ नका.

अबोली

माझी मुलगी १५ वर्षांची आहे, दहावी. सकाळी पोट धरून बसते. शाळेत म्हणतात नाटक आहे. मी दिवसातून दहा वेळा विचारते, "दुखतंय का? कुठे? किती?" डॉक्टरांनी तिची सीलिअ‍ॅकची चाचणी सांगितली आहे. तोवर मी काय करू?

शतपावली

अबोलीताई, चाचणी करून घ्याच. तोवर एक गोष्ट करा: ते दहा प्रश्न थांबवा. २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. मुलांना पोट तडस लागेपर्यंत पाणी पाजलं. काही आयांना सांगितलं, दुखण्याबद्दल विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय बदला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी बऱ्याच वाढल्या, विषय बदललेल्यांच्या कमी झाल्या. विशेष म्हणजे पोटदुखीच्या मुलांच्या आयांना वाटत होतं की विषय बदलल्याने मुलाचं वाईट होईल, आणि मुलांनी स्वतः मात्र त्यानेच बरं वाटलं असं सांगितलं. विश्वास एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगा. मग तिच्याशी दुसरं बोला.

केतकीबन

अबोली, मी त्या मुलीच्या बाजूने लिहिते. तिला आज रात्री सांग, "तुझं दुखतं ते खरं आहे, मला माहीत आहे." मला हे वाक्य साडेतीन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले त्या दिवशी मी घरी येऊन जेवले, आणि पोट दुखत असूनही झोपले.

शतपावली

एक राहिलं. केतकीबन, लग्नातल्या जेवणातलं नेमकं काय खाल्लं की आता दुखतं याची वही ठेवली आहे का? २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटाने दाखवलं की आतड्यात संसर्ग चालू असताना जो पदार्थ पोटात असतो, त्याच्यावर आतड्याचा राग कायम राहू शकतो. उंदरांत ते स्पष्ट दिसलं. मग १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया आणि दूध यांचे अंश सूक्ष्म प्रमाणात टोचले. बाराही जणांत किमान एका पदार्थाला तिथल्या तिथे सूज आली, निरोगी आठांपैकी दोघांतच. रक्तातली अ‍ॅलर्जीची चाचणी यात काही सांगत नाही, म्हणून ते महागडे पॅनेल करू नका. वही पुरे.

केतकीबन (सहा आठवड्यांनी)

इथे परत यायला उशीर झाला. वही ठेवली. दुधाला काही होत नाही, गव्हाला होतं, आणि कांद्याला सर्वांत जास्त. लसणाच्या तेलाची फोडणी घरात सगळ्यांनाच आवडली. आठवड्यातले पाच दिवस दुखायचं ते आता दोन-तीन. मध्ये श्रावणी सोमवारी पुरणपोळी खाल्ली आणि रात्रभर लोळले. तेव्हा नवरा शेजारी बसला आणि पहिल्यांदाच "काही नाही गं, होतं असं" म्हणाला नाही. पोटावर हात ठेवून म्हणाला, "इथे ना?" जागा बरोबर होती.

गोळी अजून घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात विचारणार आहे. डॉक्टरांनी संमोहनाचंही सुचवलंय. मँचेस्टरमध्ये १९८४ पासून आतड्यासाठी म्हणून वेगळं संमोहन देतात म्हणे. मराठीतून करणारं कुणी माहीत असेल तर सांगा, डोळे मिटून ऐकायचं ते आपल्या भाषेत हवं.

अबोली

लेकीची सीलिअ‍ॅकची चाचणी निगेटिव्ह आली. मी विचारणं बंद केलंय, फार अवघड जातं. शनिवारी ती आपणहून म्हणाली, "आई, आज तिसऱ्या तासाला दुखलं, पण मी बसले." यारातीरताई, ते लसणाचं तेल एकदा केलं की किती दिवस ठेवता येतं?

यारातीर

ठेवू नका, रोजच्या रोज करा. लसणाचं घरचं तेल बाहेर राहिलं तर त्यात बॉट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात. करायचंच झालं तर फ्रिजमध्ये, तेही दोन-तीन दिवसांपुरतं.